शेपटीची ग्वाही

युस्तुस करुंडेंगला माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत. चर्चच्या पायरीवर कुणी हात पुढे केला की तो हात धरून ठेवायचा, हसायचा, आणि मनातल्या मनात त्या माणसाला आपलं एक नाव द्यायचा. हा अंजिराखालचा. हा ढोलीतला. ती लांबनाकी. ही सगळी उंदरांची नावं आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आपलं नाव काय ठेवलंय, हे त्याला विचारायची हिंमत मात्र कुणी करत नसे.

सोपुतान ज्वालामुखीच्या उतारावर, जिथे लवंगा रस्त्यावर वाळत घालतात आणि मोटारी त्यांना वळसा घालून जातात, तिथल्या एका गावातलं शेवटचं लाकडी घर त्याचं. घरामागे माडीची झाडं, आणि त्यांच्यामागे लगेच जंगल. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो जंगलात फास लावत आला होता. वाकवलेली बांबूची काठी, तारेचं कडं, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा. पडलेल्या झाडाच्या खोडावरून उंदरांची वाट जाते. माणसं जातात तशीच, रोज त्याच बाजूनं, रोज त्याच जागी थबकून. युस्तुसला त्या वाटा दिसायच्या. इतरांना नुसतं ओलं खोड दिसायचं.

"जंगलात 'उंदीर' असं काही नसतंच," तो म्हणायचा. "गावात तरी 'माणूस' कुठं असतो? कुणी करुंडेंग असतो, कुणी वोवोर असतो."

हातात माडीचा पेला असला की तो पुढचंही सांगायचा. अंजिराखालचा सगळ्यांत थोर. चांगल्या पोसलेल्या घुशीएवढा, राखाडी, शेपटी अर्धी काळी आणि अर्धी पांढरी. गळून पडलेल्या फळांवर त्याचं राज्य, आणि फासाकडे असा येतो की जणू जावई सासुरवाडीला निघालाय. ढोलीतला लोकरीसारख्या केसांचा, पानं खाणारा, सुस्त. त्याची दाढ पाहिली तर तीन पाकळ्यांचं फूल. एक पिवळ्या शेपटीचा, भलता तापट. एक सडपातळ, पांढऱ्या पायांचा, वेलीवरून जातो तरी वेल हलत नाही. आणि लांबनाकी. मोठे पातळ कान, पाठीवर राठ केस, आणि नाक असं की समोरच्याची बातमी आधी तिला कळावी. ती गांडुळं उकरून खाते, खोबऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. चुकून फासात पाय अडकलाच तर युस्तुस तिला सोडून द्यायचा.

"तिनं माझं खोबरं खाल्लं नाही. मी तिला कशाला खाऊ?"

"आणि चिचुंद्री, ओपा?" एखादं पोरगं मुद्दाम विचारायचं. ओपा म्हणजे आजोबा. पांढऱ्या केसांमुळे अर्धं गाव त्याला तेच म्हणायचं.

"चिचुंद्री उंदीर नव्हेच. तिचं कूळ निराळं. नुसता तोंडवळा बघून सोयरीक जुळवू नये, बाळा. नंतर जड जातं."

बाकीचे मात्र सगळे एकाच आजीची नातवंडं, असं त्याचं ठाम मत होतं. कुणी झाडावर गेला, कुणी मातीत, कुणी वर ढगांतल्या शेवाळात. ज्याला जे खायला मिळालं तसे त्याचे दात घडले, जिथं राहिला तशी शेपटी. एकच भाऊ माणसाच्या घरात शिरला आणि तो बिघडला. तो इथला नव्हेच म्हणा. जहाजांतून आला, पोत्यांबरोबर. गटारात हिंडतो, मेलेलं खातो, आणि त्याची शेपटी टोकापर्यंत काळी.

म्हणून इथे शेपटी बघतात. जंगलातून आणलेल्या उंदराचे केस जाळतात, धुरावर काळा करतात, बांबूच्या काडीला लावतात. पण शेपटी तशीच लोंबत ठेवतात आणि तिचं पांढरं टोक ओल्या फडक्यानं पुसून लख्ख करतात. गिऱ्हाईक आधी शेपटी बघतं, मग उंदीर, मग विकणारीचं तोंड. पांढरी शेपटी म्हणजे जंगलानं दिलेली ग्वाही. काळी म्हणजे गटार. आणि शेपटीच नसेल तर बोलायलाच नको.

युस्तुसचे उंदीर बाजारात विकायची त्याची मेव्हणी ओल्चे. ठेंगणी, रुंद, आणि जिभेला धार अशी की मासे कापणाऱ्या बायकासुद्धा तिच्या शेजारी बसायला कचरायच्या.

"युस्तुसचे आहेत ना?" गिऱ्हाइकं विचारायची.

"नाहीतर काय माझ्या नवऱ्याचे? त्याला घरातली मांजर सापडत नाही."

मग कुणी शेपटीकडे बघायचंही नाही. तो आयुष्यात खोटं बोललाच नव्हता असं नाही. माडी किती प्यायली, चर्चला का आला नाही, विहिरीवर कुणाशी भांडण झालं, याबद्दल तो सगळ्यांसारखाच बोलायचा. पण उंदराबद्दल कधी नाही. माणसाला खरं बोलायला एखादी जागा लागते. त्याची जागा ही होती.

आणि त्या जागेतही एक कोपरा झाकलेला होता.

पांढऱ्या शेपटीचा नियम अर्धाच खरा आहे, हे युस्तुसला ठाऊक होतं. वर कड्यापाशी, जिथे दुपारीसुद्धा धुकं विरत नाही, तिथे एक उंदीर राहतो. मऊ, तपकिरी, स्वच्छ. शेवाळाखालचे कोंब आणि पडलेल्या बिया खाणारा. माणसाचं घर त्यानं कधी पाहिलेलं नाही, पण त्याची शेपटी टोकापर्यंत काळी. युस्तुस त्याला काळशेप्या म्हणायचा. लग्न नवीन असताना त्याची बायको मार्तिना हौसेनं त्याच्याबरोबर वर गेली होती, तेव्हा फासात काळशेप्या लागला. तो दरीत फेकून द्यायला युस्तुसनं हात उचलला.

"दे इकडे," मार्तिना म्हणाली.

"अगं, शेपटी बघ."

"बघितली. दे."

तिनं तिथेच काटक्या पेटवल्या, भाजला, आणि मीठसुद्धा न लावता दोघांनी खाल्ला. तिनं बोटं चाटली. "कुणाला सांगायचं नाही," एवढंच म्हणाली. हा खायचा असतो हे तुला कसं ठाऊक, हे तेव्हा विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि पुढे विचारायची वेळ निघून गेली. बायकोच्या एखाद्या गप्प राहण्यात आपण राहायला जातो आणि मग त्याचं दार कुठे होतं ते आठवत नाही.

त्यानंतर दर वर्षी, सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या रविवारआधी, तो कड्यावरून एक काळशेप्या आणायचा. त्या रविवारी गावातलं प्रत्येक दार उघडं असतं. ओळखीचा, अनोळखी, कुणीही यावं आणि जेवावं. पाहुण्यांसाठी पांढऱ्या शेपटीचे. ते सगळे गेले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून काळशेप्या ही दोघं खायची. मार्तिना गेल्यावर तो एकटाच बसायचा. अर्धा खायचा आणि अर्धा पुढ्यात ठेवून बसून राहायचा.

त्याचा मुलगा नोल्दी जावाला शिकायला गेला आणि तिथल्या सालातिगाहून बायको घेऊन आला. वेनिंग तिचं नाव. सावळी, हळू बोलणारी, हसताना तोंडावर हात धरणारी. नोल्दीला गावाजवळच्या शाळेत नोकरी मिळाली म्हणून दोघं इथेच राहणार होती. गावानं तिला नीट बघून घेतलं.

"पोरगी गुणाची आहे," बाजारात ओल्चेला बायका म्हणाल्या, "पण जावाची. आपली मिरची तिला झेपायची नाही. सहा महिने."

"तुमच्या सुना इथल्याच, तरी कुठं टिकल्या?" ओल्चे म्हणाली. पण घरी येऊन तिनं युस्तुसला डिवचलंच. "काय रे, तूच म्हणतोस ना, जहाजातून आलेलं ते आपलं नव्हे? तुझी सूनपण जहाजातूनच उतरली."

युस्तुसला हसू आलं नाही. घरात पुन्हा बायकी पावलांचा आवाज आला होता. सकाळी उठल्यावर चूल पेटलेली असायची. वेनिंग त्याच्याशी 'पापा' म्हणून अदबीनं बोलायची, आणि अजून एखाद्या पाहुणीसारखी बाकाच्या कडेवर बसायची. ती पूर्ण बाकावर बसेल तो दिवस त्याला बघायचा होता. म्हातारपणी माणसाच्या इच्छा लहान होतात आणि त्यामुळे जास्त दुखतात.

त्या वर्षीच्या उपकारस्तुतीला त्यानं नेटानं फास लावले. शनिवारी पांढऱ्या शेपटीचे सगळे भाजून, पुसून सुपात मांडून ठेवले. काळशेप्या केळीच्या पानात गुंडाळून चुलीवरच्या खुंटीला टांगला.

रविवारी तो आणि नोल्दी चर्चला गेले. केळीचे घड, मक्याची कणसं, लवंगांची टोपली असं सगळं वेदीपाशी ठेवायचं होतं. "तुम्ही जा पापा," वेनिंग म्हणाली, "मी जेवणाचं बघते. एकदा मला एकटीला करू द्या."

ते परतले तेव्हा घरभर गवती चहा, आलं, मिरची आणि हळदीच्या पानांचा वास भरला होता. वेनिंगचा चेहरा चुलीच्या आचेनं चमकत होता. तिनं कढईवरचं झाकण उचललं.

"शेपट्या मी काढून टाकल्या, पापा. कशा तरीच दिसत होत्या. आता नीट दिसतं ना?"

मागून नोल्दी आत डोकावला. "वेनिंग, हे काय केलंस—"

युस्तुसनं टाच त्याच्या पायावर ठेवली आणि दाबली. "छान केलंस, पोरी," तो म्हणाला. "कुठं टाकल्या शेपट्या?"

"डुकरांना घातल्या."

त्यानं वर पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"आणि ते पानातलं?"

"तेही घातलं त्यातच. तुम्ही सुपात ठेवायचं विसरलात वाटलं."

"हं," युस्तुस म्हणाला.

रश्श्यात सगळे तुकडे सारखेच लाल आणि काळे. कोण अंजिराखालचा, कोण ढोलीतला, कोण कड्यावरचा. शेपटीबरोबर सगळ्यांची कुळं गेली होती. दारापुढच्या पायऱ्यांवर पाहुण्यांची पावलं वाजायला लागली.

टेबल भरलं होतं. बांबूत भाजलेला चिकट भात, डुकराचं मटण, परतलेली पपईची फुलं. लोक येत होते, वाढून घेत होते. उंदराच्या भांड्याशी आलं की चमचा आत जायचा, एक तुकडा उलटा व्हायचा, परत सुलटा व्हायचा, आणि चमचा बाहेर यायचा. वेनिंग दारात उभी राहून बघत होती. आधी तिला वाटलं, तिखट झालं असेल. मग तिच्या लक्षात आलं की कुणी चाखलंच नव्हतं.

शेवटी हेरलिंग बोलला. चर्चच्या मंडळातला वडीलधारा, युस्तुसच्याच वयाचा, आणि गेल्याच महिन्यात माडीच्या झाडाच्या हद्दीवरून युस्तुसशी भांडलेला.

"युस्तुस, यंदा जंगलात उंदरांच्या शेपट्या गळायला लागल्या काय?"

लोक हसले. कोपऱ्यातला एक तरुण म्हणाला, "ओपाला आता डोंगर चढवत नसेल. चर्चच्या फरशीखाली पण पुष्कळ आहेत म्हणतात."

"गप रे," ओल्चे त्याच्यावर खेकसली. "तुझ्या आईनं तुला फरशीखालीच शोधला होता." मग ती युस्तुसकडे वळली, आणि तिचा आवाज उतरला. "शेपट्या कुणी कापल्या?"

"मी," युस्तुस म्हणाला. "डोळे गेलेत आता. सुरी लागली."

हे खोटं त्याच्या तोंडून सहज आलं. ते माणसाबद्दलचं होतं.

"ठीक आहे," हेरलिंग म्हणाला. "आमचं काय म्हणणं आहे? तुझा शब्द पुरे. सांग, सगळे पांढऱ्या शेपटीचे होते. आम्ही जेवतो."

चमचे हातात थांबले. टोमणा मारून झाला होता, आणि आता युस्तुसला सुटायला दार उघडून दिलं होतं. एक 'हो'. एवढ्यावर भांडं रिकामं झालं असतं, सुनेची अब्रू राहिली असती, आणि कुणाच्या पोटालाही काही झालं नसतं. काळशेप्या स्वच्छ होता, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ते उंदराबद्दलचं खोटंच झालं असतं. सगळं आयुष्य तो एवढ्या एका बाबतीत सरळ चालला होता. ती वाट सोडली तर मागे वळून बघायला काय उरणार?

पण त्यानं तोंड उघडायच्या आधीच वेनिंग पुढे आली. तोंडावर हात न धरता म्हणाली, "पापांनी नाही कापल्या. मी कापल्या. मला ठाऊक नव्हतं."

कुणीतरी कुणाकडे तरी बघितलं. 'सहा महिने' हा शब्द खोलीत न बोलता फिरला.

"मग तर प्रश्नच मिटला," हेरलिंग जरा नरमाईनं म्हणाला. "पोरीची चूक. तू फक्त सांग, युस्तुस."

"नाही सांगता येत," युस्तुस म्हणाला. "सगळे पांढरे नव्हते. एक काळा आहे."

भांड्याशी उभी असलेली बाई दोन पावलं मागे सरकली.

"गटारातला नव्हे. कड्यावरचा. तिथला काळ्या शेपटीचाच असतो. मी तो पाहुण्यांना कधी घातला नाही, बाजारात कधी पाठवला नाही. तुम्ही विश्वास ठेवला नसता, आणि मी तरी कसा ठेवायला सांगणार होतो? तो माझ्यासाठी होता. मार्तिनाला आवडायचा." मग त्याला वाटलं, इतकं सांगितलं तर उरलेलंही सांगावं. "दर वर्षी तुम्ही गेल्यावर आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून खायचो. पहिल्यांदा तिनंच मागून घेतला."

"मार्तिनानं?" ओल्चेनं विचारलं. "काळ्या शेपटीचा? शेपटी बघून?"

"बघून."

ओल्चे बसली. नेहमी बसायची तशी दणकन नाही. हातानं बाक चाचपून बसली. बराच वेळ ती भांड्याकडे बघत राहिली. 

"बंडाच्या वर्षांत," ती म्हणाली, "रस्त्यावर सैन्य आणि आम्ही कड्याखाली, झापांच्या आडोशाला. मी एवढीशी. मार्तिना मोठी, ती आईला लाकडं आणून द्यायची. आई रात्री कुठून तरी काहीतरी आणायची, आमच्याकडे पाठ करून बसायची, आणि आधी शेपट्या कापायची. मग हाक मारायची. मी विचारायचे, 'कुठला आहे गं, आई?' ती म्हणायची, 'गरम आहे. खा.'"

तिनं नाक पदरानं पुसावं तसं बाहीनं पुसलं.

"त्यानंतर बिनशेपटीचं भांडं मी आज बघतेय. मला वाटायचं, आपण काय खाल्लं ते आईबरोबर गेलं. मार्तिनाला ठाऊक होतं. मेलीनं मला सांगितलं नाही."

"कड्यावरचाच असणार तो," युस्तुस म्हणाला.

"असेल. नसेलही. तुझी सासू होती ती, काहीही करू शकायची." ओल्चेनं वेनिंगकडे हात केला. "केके, इकडे ये. ताट दे. भात नको, नुसतं ते दे."

केके, म्हणजे पोरी. आपल्या घरातल्या मुलीला हाक मारतात तशी.

वेनिंगनं वाढलं. ओल्चेनं तुकडा उचलला, उलटा केला नाही, तसाच तोंडात घातला. चावत चावत म्हणाली, "मीठ कमी आहे. जावाकडे मीठ महाग आहे काय गं?"

कुणीतरी हसलं. हेरलिंग हसला नाही. तो उठला, भांड्याशी गेला, आणि आपल्या हातानं वाढून घेतलं. "माझी आई पण पाठ करून बसायची," एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून खाऊ लागला. मग केस पिकलेले आणखी दोघं-तिघं उठले. तरुणांपैकी कुणी हात लावला नाही. फरशीखालचा विनोद करणारा पोरगा डुकराच्या मटणाकडे गेला आणि मान खाली घालून जेवला. भांडं रिकामं झालं नाही, पण ते अर्ध्याहून खाली गेलं. आणि त्या खोलीत कुणी कुणाला शब्द मागितला नाही.

उन्हं कलली तशी घरं बदलत लोक पांगले. ओल्चे जाताना दारात थांबली. "पुढच्या वर्षी शेपट्या ठेव गं केके," ती म्हणाली. "लोकांचा जीव त्यात असतो. एकाची काप. माझ्यासाठी."

युस्तुस ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. थोड्या वेळानं वेनिंग आली आणि पलीकडे, मार्तिनाच्या बाजूला, बसली. कडेवर नाही, चौकटीला पाठ टेकून, पाय अंगणात सोडून. तिनं ताटातला एक तुकडा घेतला, डोळे मिटून तोंडात टाकला, आणि जरा वेळानं डोळे उघडले.

"ह्यात कड्यावरचा कुठला, पापा?"

युस्तुसनं एक तुकडा चघळला, मग दुसरा. जिभेवर मिरची होती, धूर होता, हळदीचं पान होतं.

"कळत नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला उंदीर ओळखता आला नव्हता. आश्चर्य म्हणजे त्याचं काही वाटलं नाही.

डुकरं कुंपणात समाधानानं हुंकारत होती. वर कड्यावर नेहमीचं धुकं.

"पापा, तुम्ही सगळ्यांना नावं ठेवता म्हणे. माझं काय ठेवलंय?"

गावात आजवर कुणी विचारलं नव्हतं. युस्तुसनं तिच्याकडे नीट बघितलं. नाक, कान, हळदीनं पिवळी झालेली बोटं. फासाच्या वाटेवर नवं पाऊल दिसलं की तो असाच बघत राहायचा.

"अजून ठेवलं नाही," तो म्हणाला. "अशी आधी मिळाली नव्हती. बघतोय."

आणि उरलेला तुकडा त्यानं यंदा पुढ्यात ठेवला नाही. अर्धा मोडून तिच्या हातावर दिला.